कोपऱ्यापर्यंत

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्याच्या काचेवरून काढली, पाकिटात घातली आणि विचारलं, "चहा घेणार?"

समोर बसलेल्या जोडप्यातल्या बायकोचा चेहरा उजळला. आधीच्या दोन डॉक्टरांनी धड बसूही दिलं नव्हतं. पहिले म्हणाले, पोरीच्या मेंदूतली गाठ परत आलीय, पुन्हा कापू. दुसरे म्हणाले, आता कापू नका, औषधं देऊ. एकमत फक्त घाईबद्दल होतं. हे तिसरे.

"अहो, किती भला माणूस," ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "इथे मार्ग निघणार बघा."

नवरा बंद झालेल्या पाकिटाकडे बघत होता. त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि तिथे त्याचा एक शिरस्ता होता. गाडी सुधारण्यातली असली, की तो बॉनेटमध्ये डोकं घालूनच गिऱ्हाइकाशी बोलायचा, तेही खेकसत. गाडी कामातून गेलेली असली, की बॉनेट अलगद लावायचा, हात पुसायचा आणि चहा सांगायचा.

चहा आला. त्याने कपाला हात लावला नाही.

"बाबा, तुमचा मी पिऊ?" चाकांच्या खुर्चीतून मुलीने विचारलं. सात वर्षांची, डोक्याला लोकरीची टोपी.

"पी."

मग त्याने डॉक्टरांना तेच विचारलं, जे त्याला अशा वेळी प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं आणि ज्यावर तो नंतर गालातल्या गालात हसायचा.

"अजून कुठे दाखवू का?"

"दाखवा की," डॉक्टर म्हणाले. "अवश्य दाखवा." आणि एक नाव लिहून दिलं.

हेही त्याला पाठ होतं. असं सांगून झालं, की तो स्वतः त्या गाडीला मागून खांदा लावायचा. कोपऱ्यापर्यंत. पुढचं गिऱ्हाइकाने बघायचं.

तो खुर्ची ढकलायला वळला, तर डॉक्टर आधीच मागे उभे.

"असू द्या. मी येतो ना."

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. डॉक्टर खुर्ची ढकलत निघाले. बायको पाकीट छातीशी धरून मागून चालत होती.

"एवढे मोठे डॉक्टर, आणि स्वतः ढकलतायत," ती कुजबुजली.

"हं," तो म्हणाला.

कोपऱ्यावर डॉक्टर थांबले. बापाने खुर्चीच्या मुठी आपल्या हातात घेतल्या.

वळताना मुलीने तोंडाने हॉर्न वाजवला.