मागे न घेतलेलं परीक्षण

"एवढं एक वाक्य मागे घ्या," दिग्दर्शक म्हणाला. "उद्या, सगळ्यांसमोर."

"नाही घेणार," समीक्षक बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

त्याच्या सिनेमात एक कॉम्प्युटर बेपत्ता मुलाच्या आवाजात आईला फोन करतो आणि ती फसते. कैक वर्षांपूर्वी सिनेमा लागला तेव्हा बाईंनी परीक्षणात लिहिलं होतं, 'आईला फसवायचं तर यंत्राला आधी तिच्या पोटी जन्म घ्यावा लागेल.' लोक हसले, थिएटरं ओस पडली. त्यानंतर त्याला कुणी दारात उभं केलं नाही. आता तेव्हा नावं ठेवणारे बाकीचे समीक्षकही सिनेमाला काळाच्या पुढचा म्हणत होते. उद्या त्याचा सत्कार होता. राहिल्या होत्या फक्त बाई.

फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावला.

"आई, गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या रे. जहाज कुठवर आलं तुझं?"

"नुसतं पाणीच पाणी! आणि तुझ्या सुनेला म्हणावं, माझी खुर्ची बळकावू नकोस."

स्वयंपाकघरात सून खुदकन हसली. फोन संपल्यावर दिग्दर्शक कप ठेवायला आत गेला, तर ती ओट्याला टेकून डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"तो नाहीये, काका," ती कुजबुजली. "मागच्या वर्षी जहाजावरच अपघातात गेला. आईंचं हृदय नाजूक. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. माझं कामच कॉम्प्युटरचं. त्याची जुनी रेकॉर्डिंग घालून मीच हे बनवलं. रोज बोलतात त्या. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नाही."

त्याने कप ओट्यावर ठेवला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा समोर आला होता. बाहेर जाऊन नुसतं तोंड उघडायचं, की बाई हरल्या.

बाहेर येऊन त्याने बूट चढवले. "राहू द्या ते वाक्य," तो कसाबसा म्हणाला. "उद्या नाही आलात तरी चालेल."

बाई त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. येताना त्यांनी दार ओढून घेतलं.

"सांगितलं ना तिने तुम्हाला?"

त्याने लिफ्टचं बटण सोडून मागे वळून पाहिलं.

"मला पहिल्याच हाकेला कळलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "तिच्यासमोर मात्र अवाक्षर काढू नका. अख्ख्या दिवसात ती तेवढीच हसते."