मॅटिनीतले दोन राजपुत्र

“आता हे कोनी मानणार नाही,” कवडू म्हणाला, “पण त्या इटलीच्या पिच्चरमधी घोड्यानं राजवाड्याच्या गच्चीवरून उडी मारली, आन् राजपुत्राची टोपीसुदिक नाही हालली.”

त्याचा जुना मित्र शालिकराम खाटेवर पडून भिंतीकडे पाहत होता. पोळ्याच्या सणाला लकवा मारला, तेव्हापासून तो एक शब्द बोलला नव्हता. आवाज शाबूत आहे, बोलायची इच्छाच गेली आहे, असं डॉक्टरांनी सून रश्मीला सांगितलं होतं. ती अशीच गेलेली राहिली, तर मग आवाजही जाईल.

म्हणून कवडू रोज दुपारी बायकोला, मंगलाला, घेऊन यायचा आणि खोटं बोलायचा. साऱ्या सौंसर गावात त्याच्या थापा पकडणारा हा एकच माणूस. चिडला तर बोलेल. जामसांवलीच्या मारुतीनं आपल्याकडून संत्रं मागून खाल्लं, हेही सांगून झालं होतं. शालिकराम हलला नव्हता.

“कायले तरास देता भावजींले,” मंगला संत्रं सोलता सोलता म्हणाली. “पडू द्या चूपचाप.”

कवडूने ऐकलं नाही. हा सिनेमा त्याने पाहिलेलाच नव्हता. तरुणपणी शालिकरामनेच नागपूरहून येऊन त्याची गोष्ट सांगितली होती. दोन राजपुत्र, सिंहासन एक, आणि खरा वारस कोणता ते फक्त राणीला ठाऊक. तलवारी झाल्या, मशाली झाल्या. मग कवडूने शेवटच बदलला. थोरला राजपुत्र तलवार फेकतो, राज्य धाकट्याला देतो आणि संत्र्याचा बगीचा लावतो.

शालिकरामची बोटं चादरीवर हलली. रश्मी चहा घेऊन दारातच थांबली.

कवडूला जोर चढला.

“आठवते ना बे? नागपूरचा मॅटिनी शो. माह्या लग्नाचं दुसरं वर्ष. मंगला माहेरी गेली होती पांढुर्ण्याले, म्हणून तं मी मोकळा होतो. बाजूबाजूच्या खुर्चीवर बसलो आपण दोघं. खोटं असन तं सांग.”

मंगलाने संत्रं ताटलीत ठेवलं.

शालिकरामचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. शब्द आले ते सावकाश, पण साफ.

“खोटं बोलून राहिला तू,” तो म्हणाला. “तू कुठी होता तिथं? माह्या बाजूले मंगला होती.”