विवरातला संसार

यान उतरलं तेव्हा इरावतीची बॅग एकोणीस दिवसांपासून भरलेली होती. तळ रिकामा पडला की विवरातल्या बर्फावरचा देशाचा हक्क संपणार होता, म्हणून बदली माणूस आल्याशिवाय तिला चंद्र सोडता येत नव्हता. समोरच्या कड्यावरच्या चिनी तळावरची बाईही अशीच दोन वर्षं अडकून होती.

दार उघडलं. हेल्मेट काढून हसत उभा होता तिचा नवरा, श्रीपाद.

"तू? आणि बदलीचं माणूस?"

"कुणी नाही. घरची आठवण येते म्हणून कळवलंस ना? साहेबांनी स्वतः मला फोन केला. आता आपण इथंच राहायचं, दोघं!"

ती त्याला बिलगली. मग त्याच्या खांद्यावरून तिला सामान दिसलं. कुकर, मिक्सर आणि घडीचा पाळणा.

"हा कशाला?"

श्रीपाद ओशाळला. "समोर त्यांनी तिच्या नवऱ्याला मार्चमध्येच पाठवलं. तिला दिवस गेलेत म्हणे. आपली मंडळी घाईला आलीत."

"आणि परतीचं इंधन?"

"अगं, एवढं सामान बसवायचं तर कुठलं तरी वजन कमी करावंच लागणार. पाठवतील पुढं," असं म्हणून तो पाळण्याचे स्क्रू शोधू लागला.