चौथं कडवं

"नाव कोरायचं नाही म्हटलं ना, फेस्टी!" सोरखाने ग्लास असा आपटला की वरचा फेस काउंटरवर सांडला.

फेस्टी पाथरवटाने सांडलेला फेस बाहीने पुसला. रविवारी त्या आयरिश खेड्याच्या धक्क्यावर आठवणीचा दगड बसणार होता, बुडालेल्या होडीतल्या तिघांचा. दोघांची नावं कोरून झाली होती. त्यांची प्रेतं लाटांनी आणून दिली होती. तिसरा कोलमन, सोरखाचा नवरा. त्याची टोपीसुद्धा कुणाच्या हाती लागली नाही. त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा सोरखा नवी नवरी होती. आता ती या पबची मालकीण होती आणि केस पांढरे झाले होते. पण समुद्राकडच्या खिडकीत ती रोज संध्याकाळी दिवा लावायची. न बघितलेलं मढं मी पुरणार नाही, म्हणायची. पाद्र्याने समजावलं, गावाने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"बाई, वेडी आहेस तू," फेस्टी पुटपुटला. "दगडावर जागा ठेवलीय मी. तेवढं लक्षात असू दे."

त्या दिवशी पबात एक पाहुणा होता. ट्रेव्हर त्याचं नाव. कॅनडाहून आलेला, तिशीच्या आतला, मोकळा गडी. काळ्या बिअरचा दुसरा ग्लास त्याच्या हातात होता आणि तो सगळ्यांवर खूश होता.

"बाबा म्हणाले होते, गॉलवे शहरापर्यंत जा, त्याच्या पुढे बघण्यासारखं काही नाही. थापाडे आहेत आमचे बाबा! खरी मजा तर इथे आहे."

"मजा?" बार्टली कोळी म्हणाला. "सहा महिने इथला पाऊस खा पाव्हण्या, मग सांग."

सगळे हसले. ट्रेव्हरही हसला. हसताना तो मान डावीकडे टाकायचा. सोरखाने दोनदा वळून त्याच्याकडे पाहिलं. मग उगाचच जाऊन दिव्याची वात वर केली. बाहेर वारा साफ पडला होता. त्या किनाऱ्यावर वारा पडलेला कुणालाच आवडत नाही.

बार्टलीने अकॉर्डियन काखेत घेऊन एक गाणं म्हटलं. तिकडची रीत अशी की गाणं संपवणाऱ्याचा मान असतो: तो ज्याच्याकडे बोट दाखवील, त्याने पुढचं गायचं. नाही म्हणायची सोय नाही. बार्टलीने बोट दाखवलं ट्रेव्हरकडे.

"मला एकच येतं," ट्रेव्हर लाजत म्हणाला. "तेही तुमच्या आयरिशमधलं. अर्थ ठाऊक नाही. बाबा दाढी करताना गुणगुणतात. कुणाची तरी गाय हरवते, त्याचं गाणं आहे म्हणे."

"मग म्हण की! गाय सापडली तर दूध मालकिणीला!" बार्टली ओरडला.

गाणाऱ्याचा हात कुणीतरी हातात धरायचा आणि सुरावर हळूहळू फिरवायचा, हीसुद्धा तिकडचीच रीत. पाहुण्याला धीर यावा म्हणून सोरखाने त्याचा हात धरला. जात्याचा खुंटा फिरवावा तसा ती तो फिरवू लागली.

पहिल्या ओळीलाच पबातलं हसू मावळलं.

ते कोलमनचं गाणं होतं. सोरखासाठी त्याने स्वतः रचलं होतं आणि लग्नात म्हटलं होतं. त्यात तिचं नाव होतं, तिच्या केसांचा रंग होता. तो गेल्यापासून गावात ते कुणी ओठांवर आणलं नव्हतं. ट्रेव्हर डोळे मिटून गात होता. बार्टली त्याला थांबवायला उठला. सोरखाने मान हलवून त्याला बसवलं. तिचा हात फिरतच होता. तिच्या चेहऱ्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही.

तिसरं कडवं संपलं तसा लोकांनी श्वास सोडला. गावाला तीनच कडवी ठाऊक होती, कारण कोलमनने तीनच रचली होती.

ट्रेव्हरने दम घेतला आणि चौथं सुरू केलं.

*दिवा मालव, सोरखा, तेल जाळू नकोस.*
*मी बुडालो नाही, मी निघून आलो.*
*दुसऱ्या किनाऱ्यावर दुसरीच्या चुलीशी*
*माझे ओले कपडे कधीच सुकले.*

हात फिरायचा थांबला.

गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. ट्रेव्हरने डोळे उघडले. आपण फार छान गायलो असं त्याला वाटलं.

"वडील कसे आहेत तुझे?" सोरखाने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"ठणठणीत! नातवंडं खेळवतात. फक्त समुद्राकडे फिरकत नाहीत. माणूस मोठा धीराचा, पण पाण्याला भितात."

फेस्टी ताडकन उठला. त्याचा सख्खा भाऊ त्या होडीत होता. "पाव्हण्या, तुझ्या बापाला म्हणावं—"

"फेस्टी, खाली बस! पोराचा काय गुन्हा?" सोरखा म्हणाली.

तो बसला. सोरखाने ट्रेव्हरचा हात थोपटला आणि सोडला.

"छान गायलास रे बाळा. गाय सापडली."

ट्रेव्हर खुलला. "मग आता मान माझा ना?" त्याने मोठ्या प्रेमाने तिच्याकडेच बोट दाखवलं. "आता तुम्ही!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. सोरखा खिडकीशी गेली. वाकून तिने फुंकर मारली आणि दिवा मालवला. काचेवर थोडा धूर रेंगाळला. तो तिने पदराने पुसावा तसा एप्रनच्या टोकाने पुसून घेतला.

"फेस्टी, सकाळी छिन्नी घेऊन ये," ती म्हणाली. "कोलमन गेला. आत्ताच निरोप आला."