बोरूच्या घराचा गारवा

डॉक्टर रबाबच्या पत्राला मुतशर उस्तादांनी महिना उलटला तरी उत्तर दिलं नव्हतं.

दलदलीतल्या कुठल्या गावाला उन्हाळा जास्त आजारी पाडतो, याची पाहणी बसऱ्याचे डॉक्टर करत होते. गावांशी बोलून काम जुळवून आणायचं ते भूगोलाचे निवृत्त मास्तर मुतशर यांनी. तापमान नोंदवून बसऱ्याला कळवणाऱ्या छोट्या पेट्या स्वतःच्या गावात त्यांनीच घरोघरी दिल्या होत्या. सगळ्यांत तापणाऱ्या गावाला पंखे, बर्फ आणि परिचारिका असलेली थंड खोली मिळणार होती. खोली एकच होती.

‘तुमच्या गावातली बोरूच्या काड्यांची घरं भर उन्हाळ्यातही गार आहेत,’ रबाबनं लिहिलं होतं. ‘मग खोली पलीकडच्या गावाला देऊ ना?’

उस्तादांना ते पटत होतं, म्हणूनच भीती वाटत होती. त्यांचा जन्म तसल्याच घरातला. दुपारी आई भिंतीची चटई खालून गुंडाळायची आणि पाण्यावरचा वारा थेट उशाशी यायचा. म्हशी नाकापर्यंत बुडून सुस्कारे टाकायच्या. पण उभा जन्म नासिरिया शहरात पुस्तकांत घालवलेल्या माणसाच्या आठवणीवर भरवसा किती ठेवायचा?

आता आकडेही तेच सांगत होते. अखेर त्यांनी ‘हो’ लिहिलं, पाकीट खिशात घातलं आणि पेट्या गोळा करायला गावी निघाले.

“आलास का रे पुस्तकातल्या किड्या?” शेजारची उम्म सबाह दारातूनच ओरडली. लहानपणी दोघं एकाच होडीत खेळलेली. “मला वाटलं, वाळवीनं खाल्लं तुला.”

“चाखून बघितलं तिनं. नको म्हणाली.”

“शहाणी आहे.”

आत तिचा नवरा, अबू सबाह, छातीवर ओलं फडकं घेऊन पडला होता. त्यानं उठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

“काल परत म्हशींपाशी कोसळला,” ती म्हणाली. “पोरानं खांद्यावर घालून आणला.”

“वय झालं आपलं,” उस्ताद म्हणाले.

“तुझं झालं असेल,” अबू सबाह डोळे मिटूनच पुटपुटला.

तिनं चहा दिला, म्हशीच्या दुधाची जाड साय आणि भाकरी पुढे ठेवली. उस्तादांनी चष्मा पुसला. तो पुन्हा घामानं ओला झाला. होडीतलं ऊन अजून अंगातून उतरलं नसावं.

“आईच्या घरी असंच गार वाटायचं,” ते म्हणाले.

उम्म सबाहनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पंख्यानं त्याला वारा घालत राहिली.

“पेटी दे. काम झालं. आकडे फार चांगले आलेत.”

“आले ना?” तिचा चेहरा उजळला. “अख्ख्या गावानं जीव लावलाय त्या पेट्यांना!”

ती कोपऱ्यात गेली. तिथं पाण्याचा रांजण तिवईवर झिरपत होता. खाली वाकून तिनं ओलं गोणपाट बाजूला केलं, पेटी काढली आणि बाहीनं पुसली.

“तूच म्हणालास ना, अमानत आहे, ऊन लागू देऊ नका? मग घरातली सगळ्यांत गार जागा दिली तिला. उन्हाळ्यात हा तिथं झोपायचा,” तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. “याला उठवला. सगळ्यांच्या घरी तसंच. आम्ही भाजलो तर भाजलो, तुझी पेटी तापता कामा नये.”

उस्तादांनी पेटी हातात घेतली. गारेगार होती.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर चिबायिश गावच्या पोस्टात त्यांनी उत्तर टाकलं. ते खिशातलं नव्हतं.