चांगल्या घरातला माणूस

महिनाभर आजोबांच्या पोटात पाण्याचा घोटही टिकत नव्हता. औषधांच्या माऱ्याने आतड्यातले चांगले जंतूच मरून गेले होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "निरोगी माणसाची विष्ठा गाळून नळीने यांच्या आतड्यात सोडू. एवढा एकच उपाय उरलाय." दोन्ही मुलगे नाक मुरडत का होईना, तपासणी करून आले, पण दोघांचीही पोटं बाहेरचं खाऊन नासलेली निघाली. मग दवाखान्यानेच कुणीतरी माणूस शोधला. त्याचं नाव मात्र सांगितलं नाही.

पहिला डोस दिल्यावर पाचव्या दिवशी आजोबा उठून बसले, वाटीभर मऊ भात खाल्ला आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "अगं, माणूस चांगल्या घरातला असणार. आतून कळतं ना!"

"पुरे झालं कौतुक," आजी हसल्या, "गुपचूप पडा आता."

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी बेडपॅन न्यायला आल्या. आजोबांनी नाक दाबलं. "हिला आधी बाहेर काढ गं! हिला नुसतं पाहिलं तरी मला मळमळतं."

मावशी बेडपॅन घेऊन गेल्या. उद्यापासून दुसरी बाई पाठवा, असं सांगायला आजी तरातरा त्यांच्या मागोमाग निघाल्या. व्हरांड्याच्या टोकाला लॅबवाली बाई मावशींच्या हातात झाकणाची रिकामी डबी देत होती.



"मावशी, तुमचं आजोबांना अगदी मानवलं हो! उद्या दुसरा डोस द्यायचाय, सकाळी एवढी भरून आणा."