काकूंचा नंबर

"शी! ओपीडीत बघावं तिकडे ही परदेशातून आलेली माणसं!" सरकारी दवाखान्याबाहेर गाडीत बसल्या बसल्या आमच्या काकूंनी नाक मुरडलं. "फुकट औषध मिळतं म्हणून उठसूट येतात मेले. आपल्या माणसांनी आजारी तरी कुठे पडायचं?"

केसपेपरची खिडकी उघडली, तशी पार्किंगमधल्या गाड्यांची दारं धडाधड उघडली. मालक-मालकिणी उतरून आपापल्या नोकरांच्या जागी उभे राहिले. बघता बघता रांगेत एकही परदेशी उरला नाही.

त्यांच्यातलीच काकूंची मोलकरीण. पहाटेपासून धरलेला नंबर काकूंना देऊन ती बाजूला झाली. तिचं अंग तापाने फणफणत होतं. भिंतीला टेकून ती खोकायला लागली.

काकूंनी पदर नाकाला लावला.

"लांब जाऊन खोक गं! इथे आजारी माणसं असतात."